२८ मिलिमीटरचं भूत

इटली म्हटलं की पिझ्झा, पिसाचा कलता मनोरा आणि शॉपिंग! पण शॉपिंग लिस्टमध्ये चक्क भुतं असतील तर? लुक्का, नेपल्स आणि सार्डिनियातल्या एका हटके खरेदीची ही गोष्ट.

लिंकेत्तो, मुनाचिएल्लो, यानारा, याना, मामुतोनेस, बादालिस्क. नावं वाचून पर्फ्युमचे ब्रँड वाटतात ना? नाहीत. ही सगळी इटलीतली अस्सल गावठी भुतं, चेटकिणी, पऱ्या आणि राक्षस. गेल्या नोव्हेंबरात मी इटलीला निघाले तेव्हा माझ्या फोनमध्ये हीच सहा नावं होती आणि खाली एक ओळ : ‘उंची २८ मिलिमीटर. गॉब्लिन आणू नकोस प्लीज!’

थोडा खुलासा करते. पुण्यात आमचा टेबलटॉप गेमिंगचा एक ग्रुप आहे. आठवडाभर क्लायंट कॉल्समध्ये पिचलेले आम्ही सहा जण शनिवारी रात्री लॅपटॉप बंद करून फासे टाकत बसतो. टेबलावर नकाशा, नकाशावर चौकोन आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे रंगवलेले पुतळे, म्हणजे मिनिएचर्स. त्यांचं प्रचलित माप २८ मिलिमीटर, म्हणजे एवढ्या उंचीचा पुतळा हा एक धडधाकट माणूस. आमच्या गेम मास्टरनं नवी मोहीम इटलीत रचली होती. ड्रॅगन, ऑर्क वगैरे मंडळी घरबसल्या मिळतात हो. पण लिंकेत्तो कुठे मिळणार?

पहिला स्टॉप अर्थातच लुक्का. टस्कनीतलं हे देखणं गाव चार किलोमीटरच्या जाडजूड तटबंदीच्या आत वसलंय आणि तटावरून लोक आरामात सायकली चालवतात. एरवी शांत. पण ऑक्टोबरच्या शेवटी नि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे लुक्का कॉमिक्स अँड गेम्स भरतं आणि अख्ख्या गावाचा नूर पालटतो. १९६६ पासून लुक्कात कॉमिक्सचा मेळा भरतोय. चर्चच्या पायऱ्यांवर बॅटमॅन सँडविच खातोय, शेजारी तीन जादूगारणी मेकअप सारख्या करताहेत... अशी सगळी धमाल! गेम्सच्या मंडपात मिनिएचर्सचे ढीग. रेझिनचे, प्लॅस्टिकचे, तुमच्यासमोर थ्रीडी प्रिंट होणारे.

लिंकेत्तो हा याच लुक्काच्या परिसरातला. रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसतो, श्वास कोंडतो, पांघरूण ओढतो, गोठ्यातल्या जनावरांना छळतो. नावाचं मूळ ‘इन्क्युबस’मध्ये, म्हणजे छातीवर बसणाऱ्या त्या जुन्या रोमन त्रासात. थोडक्यात, घरच्या मैदानावरचा खेळाडू. मी पाच-सहा स्टॉल्सवर विचारलं. प्रत्येकानं प्रेमानं हसून माझ्या हातात काय ठेवलं? गॉब्लिन! हिरवा, टोकदार कानांचा, जगात कुठेही मिळतो तोच.

चूक त्यांची नव्हती. मी राहत होते त्या घरच्या आजीबाईंना विचारलं, लिंकेत्तो दिसतो कसा? त्या म्हणाल्या, दिसतो कुठे! त्यांच्या आईच्या मते तो नुसता वारा. शेजारणीच्या मते बुटका माणूस. मात्र त्याला घालवायचं कसं, यावर सगळ्यांचं एकमत. दारावर जुनिपरची फांदी टांगायची. लिंकेत्तोला तिच्या सुया मोजल्याशिवाय राहवत नाही, मोजता मोजता चुकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि तेवढ्यात उजाडतं. आमच्या अकाउंट्सवाल्या मित्राला हे भूत फारच जवळचं वाटलं.

इथेच माझ्या लक्षात आलं की खरेदीची पद्धत बदलायला हवी. इटलीतल्या या मंडळींचा चेहरा पक्का नाही. दर डोंगरामागे वर्णन बदलतं. पक्कं असतं ते एवढंच की ते करतं काय आणि कुठे राहतं. इटली हा एक देश झाला १८६१ मध्ये. त्याआधी शतकानुशतकं ही वेगवेगळी राज्यं आणि वेगवेगळ्या बोली, मग भुतं तरी एकसारखी कशी असतील? म्हणून लिंकेत्तोसाठी मी पुतळा घेतलाच नाही. मॉडेल रेल्वेवाल्यांच्या टेबलावर मिळणारं बारीक सुयांचं एक झाड घेतलं. टेबलावर ते ठेवलं की समजायचं, तो आसपास आहे.

बाळकृष्णाच्या... सॉरी, बाळयेशूच्या गल्लीत

नेपल्सची सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही गल्ली म्हणजे मिनिएचरवेड्यांची पंढरी. ‘प्रेसेपे’ म्हणजे येशूजन्माचा देखावा. त्यासाठी लागणाऱ्या मूर्ती इथे बारा महिने बनतात आणि विकल्या जातात. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभाराकडून मावळे, गवळणी आणि भाजीवाल्या आणायचो, आठवतंय? तेच, फक्त हजारपट! गोठा आणि बाळ नावापुरतं, बाकी अख्खं नेपल्स : पिझ्झावाला, कोळी, धोबीण, खाणावळवाला, चक्क मॅराडोनासुद्धा. अठराव्या शतकात राजा चार्ल्स बूर्बाँला या देखाव्यांचं वेड होतं, मग सरदारांनाही लागलं. त्या पद्धतीच्या मूर्तीचं डोकं भाजक्या मातीचं, हातपाय बहुतेकदा लाकडाचे, डोळे काचेचे, अंग तारेवर गुंडाळलेल्या ताग्यांचं आणि वर खरे रेशमी कपडे. सान मार्तिनोच्या म्युझियममध्ये १८७९ मध्ये दान केलेला कुचिनिएल्लोंचा देखावा आहे, तो बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा.

मुनाचिएल्लो, म्हणजे ‘छोटा संन्यासी’, हा नेपल्सच्या घराघरातला खोडकर पाहुणा. पोराएवढी उंची, अंगात संन्याशाचा झगा. मर्जी झाली तर नाणी ठेवून जातो, बिघडली तर किल्ल्या लपवतो. मातिल्दे सेराओ या लेखिकेनं १८८१ च्या ‘लेजेंदे नापोलेताने’मध्ये त्याची करुण कथा लिहिली आहे : १४४५ मधलं एक फसलेलं प्रेम, त्यातून जन्मलेलं खुरटं मूल आणि त्याला झगा घालून वाढवणारी आई. पण गल्लीत जास्त चालतं ते दुसरं स्पष्टीकरण. नेपल्सच्या पोटात दगडात कोरलेले जुने पाणबोगदे आहेत. त्यांची देखभाल करणारे विहीरवाले अंगावर झगा घेऊन अंधारात फिरायचे. घराघरातल्या विहिरीतून त्यांना वर येता यायचं. पैसे बुडवणाऱ्या मालकाच्या घरातून वस्तू गायब, आणि एखाद्या मालकिणीच्या घरी भेटवस्तू हजर! १८८४ च्या कॉलऱ्यानंतर, १८८५ मध्ये नवी पाणीयोजना आली आणि ते बोगदे बाद झाले. गंमत म्हणजे या गल्लीच्या वरच्या टोकाला, पियात्सा सान गाएतानोमध्येच, बोगद्यात उतरायचं दार आहे. चाळीसेक मीटर खाली. मी उतरले. एका ठिकाणी हातात दिवा घेऊन आडवं सरकावं लागतं. त्या क्षणी मला सेराओबाईंपेक्षा विहीरवाल्यांचीच बाजू पटली.

दुकानात मुनाचिएल्लो भरपूर आहेत. गुबगुबीत गाल, हातात नाण्यांची थैली. पण दहा सेंटिमीटरचे! आमच्या टेबलावर तो वीस फुटी राक्षस झाला असता. मला हवा होता जेमतेम दोन सेंटिमीटरचा. मदतीला आली कारागिरांचीच एक जुनी युक्ती : देखाव्यात खोली दिसावी म्हणून मोठ्या मूर्ती पुढे आणि लहान लहान होत जाणाऱ्या मागे लावतात. म्हणून एकच मेंढपाळ इथे दहा मापांत मिळतो. (आपल्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा मोठा असायचा, त्याचं आपल्याला कधी काही वाटलं नाही!) सगळ्यात मागच्या रांगेच्या खोक्यात मला नखाएवढा एक संन्यासी सापडला. चेहरा म्हणजे नुसता एक ठिपका. तीन युरो.

एक नियम मात्र सांगून ठेवते. मुनाचिएल्लोनं काही दिलं तर कुणाला सांगायचं नाही, नाहीतर देणं बंद. लेख लिहून मी तो धडधडीत मोडतेय.

गल्लीतच एक बोनसही मिळाला. ‘बेल्ला एम्ब्रियाना’ ही नेपल्सची वास्तुदेवता, घराची राखण करणारी बाई. ती दिसते पालीच्या रूपात, म्हणून जुन्या घरांत पाल मारत नाहीत. पिनो दानिएले या गायकाच्या १९८२ च्या अल्बमचं नावही हेच. आपल्याकडे पाल चुकचुकली की ‘सत्य आहे’ म्हणतो, तिकडे पाल म्हणजे साक्षात लक्ष्मी! मातीची पाल कुठेही मिळते, शिवाय मापाची कटकट नाही.

यानारासाठी मी रेल्वेनं बेनेवेंतोला गेले. चेटकिणींचं गाव म्हणून त्याची ख्याती शतकांची. तिथल्या अक्रोडाच्या झाडाखाली चेटकिणी जमतात अशी दंतकथा. १८६० पासून इथे ‘स्त्रेगा’, म्हणजे ‘चेटकीण’ याच नावाची पिवळी लिकर बनते. तिच्याच नावानं १९४७ पासून इटलीतला मानाचा साहित्य पुरस्कार दिला जातो. दुकानांत झाडूवर बसलेल्या, नाकाला मस असलेल्या म्हाताऱ्या लटकत होत्या. अगदी हॅलोविन! पण यानारा तशी नाहीच. ती दिवसा गावातली कुणीही असते. रात्री अंगाला लेप लावते आणि वाऱ्यासारखी दाराच्या फटीतून आत शिरते. दाराशी झाडू ठेवला तर काड्या मोजत बसते (पुन्हा अकाउंट्स!). मग पुतळा कसा हवा? साधा! मी परत नेपल्सला येऊन त्याच गल्लीतून एक धोबीण घेतली. कमरेवर हात, पायाशी टोपली. आमच्या ग्रुपमध्ये तीन शनिवार कुणाला संशय आला नाही.

घर आहे, घरमालकीण नाही

सार्डिनियात उलटाच प्रकार. इथे पुतळा नाही, पण घर मिळतं! डोंगरात कोरलेल्या, छोट्या चौकोनी दारांच्या खोल्या. ‘दोमुस दे यानास’, म्हणजे पऱ्यांची घरं. याना ही चिमुकली परी, सोन्याच्या मागावर विणकाम करणारी. प्रत्यक्षात ही पाचेक हजार वर्षांपूर्वीची दफनगृहं. बेटावर साडेतीन हजारांहून जास्त आहेत आणि २०२५ मध्ये त्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. ती कुणी खोदली हे लोक विसरले, दारं मात्र समोर राहिली. एवढ्याशा दारातून कोण जाणार? एवढुशी बाईच! आपण नाही का, नाशिकची बौद्ध लेणी पांडवांच्या नावावर करून मोकळे झालो? एका दारासमोर मी गुडघ्यावर बसून आत डोकावले. आत थंडगार, ओलसर, बाहेर मेंढ्यांच्या घंटा. इथे पुतळा शोधावासाच वाटला नाही. दाराचा फोटो काढला, मापं घेतली आणि घरी थर्माकोलचं दार केलं.

मामोयादा हे नुओरोजवळचं डोंगरातलं गाव मामुतोनेसचं. काळे लाकडी मुखवटे, अंगावर काळी मेंढीची कातडी, पाठीवर वीस-तीस किलोच्या घंटा. बारा जण दोन रांगांत, एका तालात उडी घेत चालतात, एक शब्द न बोलता. बरोबर लाल कोट घातलेले आठ इस्सोहादोरेस, दोर फेकून बघ्यांना पकडणारे. पहिलं दर्शन जानेवारीच्या मध्यात, संत अंतोनिओच्या होळ्यांभोवती. मी नोव्हेंबरात गेले, म्हणून मुखवट्यांच्या म्युझियमवर समाधान मानलं. गावात छोटे मामुतोनेस विकायला होते, सुबक, माप जवळपास बरोबर. तरीही घेतला नाही. कारण नकाशावर तो ‘मॉन्स्टर’ म्हणून उभा राहणार आणि कुणीतरी फासे टाकून त्याला मारणार. मामुतोनेस हा राक्षस नाही. तो मुखवट्यामागचा गावातला सुतार किंवा मेंढपाळ आहे, वर्षातून काही दिवस. एखाद्या परदेशी गेममध्ये आसूड ओढणारा पोतराज ‘लेव्हल थ्री मॉन्स्टर’ म्हणून दिसला तर मला कसं वाटेल? गेम मास्टरशी यावर कडाक्याचं भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

राहिला बादालिस्क. हा उत्तरेचा, वाल कामोनिकातल्या आंद्रिस्ता या वस्तीचा. शिंगं, बकऱ्याच्या कातड्याचं भलंमोठं डोकं, लाल चमकणारे डोळे आणि अक्राळविक्राळ तोंड. ५ जानेवारीला गावकरी त्याला जंगलातून ‘पकडून’ चौकात आणतात. मग त्याच्या नावानं बोलीभाषेतलं यमकबद्ध भाषण वाचलं जातं. त्यात काय? गावातल्या प्रत्येकाची वर्षभरातली लफडी आणि कुलंगडी! ऑफिसच्या ॲन्युअल पार्टीला असा एखादा हवाच, नाही? याचं मिनिएचर मला लुक्कात, नेपल्सला, कुठेच मिळालं नाही. शेवटी शाडूची माती आणली. डोकं झालंय, शिंगं दोनदा मोडली.

जाणार असाल तर : सान ग्रेगोरिओ आर्मेनोला डिसेंबरच्या वीकएण्डला मुंगीला शिरायला जागा नसते. नोव्हेंबरातली एखादी सोमवारची सकाळ गाठा. लुक्काच्या मेळ्यासाठी तिकीट आणि मुक्काम महिनोन्‌महिने आधी बुक करा, नाहीतर पिसात राहून ट्रेननं ये-जा. बेनेवेंतो नेपल्सहून एका दिवसात होतं. मामोयादाला स्वतःची गाडी असेल तर उत्तम, बस आहेत पण मोजक्या. आणि मातीच्या मूर्ती चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका. एकेक मोज्यात गुंडाळून हँडबॅगेत ठेवा. सिक्युरिटीवाल्यांनी माझ्या मोज्यातून धोबीण, संन्यासी आणि पाल एकापाठोपाठ बाहेर काढली तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.