समोरचा भिडू

मराठी घरांत पत्त्यांचा पहिला संस्कार होतो तो उन्हाळ्याच्या सुटीत, मेंढीकोटाच्या डावात. समोर बसलेला तो आपला भिडू, आणि त्याला डोळ्याने खूण करणे ही लबाडी, या दोन्ही गोष्टी मूल तिथेच शिकते. ब्रिज हा त्याच कुळातला, पण अधिक करड्या शिस्तीचा खेळ. त्याचे आजचे रूप अमेरिकेतील हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली पनामा कालव्यातून चाललेल्या एका जहाजावर सिद्ध केले. साहेबी जिमखान्यांच्या वळणाचा हा खेळ पुण्या-मुंबईपासून कोलकात्यापर्यंतच्या मध्यमवर्गाने आपलासा केला, आणि गावोगावच्या क्लबांत संध्याकाळी हिरव्या कापडाची टेबले मांडली जाऊ लागली.

क्लबातला खेळ घरच्या खेळाहून एका बाबतीत मुळातच वेगळा असतो. घरी पाने वाईट आली की नशिबाला बोल लावता येतो. क्लबात बहुधा ‘डुप्लिकेट’ पद्धतीने खेळतात. डाव संपला की प्रत्येकाची तेरा पाने चार कप्प्यांच्या बोर्डात जशीच्या तशी परत ठेवतात आणि तो बोर्ड पुढच्या टेबलाकडे जातो. रात्री निकालाचा तक्ता लागतो तेव्हा प्रत्येक जोडीची तुलना होते ती तीच पाने हाती आलेल्या इतर जोड्यांशी. हलकी पाने घेऊन इतरांपेक्षा कमी गमावणारी जोडीही त्या डावात पहिली येऊ शकते. वाट्याला काय आले याची तक्रार तिथे चालत नाही. जे आले त्याचे दोघांनी मिळून काय केले, एवढेच मोजले जाते.

मिळून करायचे तर एकमेकांशी बोलले पाहिजे, आणि बोलीसाठी उपलब्ध असतात अवघे पंधरा शब्द: एक ते सात हे आकडे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग, हुकमाविना खेळण्यासाठी ‘नोट्रम्प’, आणि ‘पास’, ‘डबल’, ‘रिडबल’. एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांच्या निरनिराळ्या जुळण्या मात्र ६३ हजार ५०० कोटींहून अधिक आहेत. इतक्या तुटपुंज्या भाषेत इतके सांगायचे म्हणजे संकेत आलेच. भिडूच्या ‘एक नोट्रम्प’नंतर आलेली ‘दोन किलवर’ ही बोली बहुतेक जोड्यांत किलवरविषयी काहीच सांगत नाही. तुझ्याकडे बदामाची किंवा इस्पिकची चार पाने आहेत काय, असा तो प्रश्न असतो. अभिधा मागे सरते आणि व्यंजना पुढे येते. तथापि काव्यातली व्यंजना सहृदयापुरती राखून ठेवता येते, तशी मुभा इथे नाही. संकेताचा अर्थ विचारण्याचा प्रतिपक्षाला पूर्ण हक्क असतो आणि तो प्रामाणिकपणे सांगावा लागतो. गुप्त भाषा या खेळाला मान्य नाही.

त्याहून अवघड नियम सुराविषयी आहे. पंधरा शब्दांखेरीज काहीही बोलायचे नाही. आवाजातला चढउतार नको, उसासा नको. याच कारणासाठी अनेक ठिकाणी बोली तोंडाने न उच्चारता छापील पत्त्यांनी दाखवतात. भिडूने बराच वेळ विचार करून ‘पास’ केले, तर त्याच्या हाती काहीतरी आहे हे समोरच्याला उमजतेच. पण त्या विलंबातून उमजलेले वापरायचे नाही, असे नियम सांगतो. कळलेले न कळल्यासारखे वागणे ही सदाचाराची मोठी परीक्षा होय. तीत नापास होणारेही असतात. २०१३ साली बाली येथील जागतिक ज्येष्ठांच्या स्पर्धेत खोकल्याच्या खुणांनी पाने सुचवल्याबद्दल एका जर्मन जोडीला जागतिक ब्रिज महासंघाने पुढे दोषी ठरवले. मेंढीकोटातली डोळ्याची खूण आणि तो खोकला यांत फरक एवढाच, की मुलांचा आरडाओरडा तिथल्या तिथे होतो.

क्लबातला आरडाओरडा डाव संपल्यावर होतो, आणि तो बहुधा स्वतःच्याच भिडूवर. ज्याची पाने ‘डमी’ म्हणून टेबलावर उघडी पडलेली असतात त्याने मूकपणे बसायचे असते. समोरचा चुकीचे पान उचलतो आहे हे दिसत असूनही त्याला बोलता येत नाही. शेवटचा हात पडला की कोंडलेले सारे बाहेर येते. कचेरीत हाताखालच्या माणसांशी अदबीने वागलेले निवृत्त अधिकारी एका राणीवरून तावातावाने भांडतात. पती-पत्नींनी एकत्र खेळू नये असा सल्ला जुने सभासद आवर्जून देतात. १९२९ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटीत चार इस्पिकांची बोली बुडाली, त्यावरून पेटलेल्या भांडणात पत्नीने झाडलेल्या गोळ्यांनी पतीचा मृत्यू झाला. १९३१ मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. क्लबातली भांडणे चहापर्यंत मिटतात, कारण पुढच्या आठवड्यात समोर तोच माणूस हवा असतो.

२०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कोलकात्याच्या प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा एकाचे वय साठ आणि दुसऱ्याचे छप्पन्न होते. पत्ते खेळून पदक कसले, असे त्या वेळी काहींनी विचारले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच ब्रिजचा दाखला दिला होता. पाने वाटण्यात जेवढा योगायोग असतो तेवढाच दोहोंत आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. कौशल्य सिद्ध झाले, तरी त्या पदकाचा एक अर्थ उरतोच. साठीतली दोन माणसे मौन राखूनही एकमेकांना समजू शकतात, याची ती पावती होती.

अशी समजूत दोघांची असते, म्हणूनच ती एकाच्या जाण्याने संपते. २०२० मध्ये करोनाच्या साथीने क्लब बंद झाले तेव्हा खेळ संगणकाच्या पडद्यावर गेला. दारे उघडल्यावर काही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. तीस वर्षांत रचलेले संकेत, एकाला सोयीचे म्हणून दुसऱ्याने मान्य केलेले अपवाद, या साऱ्यांचा जाणकार आता एकच. क्लबातले ज्येष्ठ अशा माणसाला घरी बसू देत नाहीत. कुणीतरी फोन करून बोलावते, आणि खेळ सांभाळणारा संचालक त्याला पंचविशीतल्या एखाद्या नवख्या मुलीसमोर बसवतो. पहिला बोर्ड येण्याआधी दहा मिनिटे हाती असतात. वृद्ध खेळाडू चष्मा पुसतो आणि विचारतो, “एक नोट्रम्प म्हणजे तुमच्याकडे किती गुण?” ती सांगते, “पंधरा ते सतरा, काका.” त्याच्या जुन्या भिडूशी ठरलेले बारा ते चौदा होते. तो मान डोलावतो आणि गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात नवा आकडा लिहून घेतो.