फोटोत होता, मला दिसला नाही

पेणला डोळ्यांचा दवाखाना चालवत असताना मी कर्ज काढून फंडस कॅमेरा घेतला. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा रंगीत फोटो काढणारं हे यंत्र तेव्हा आमच्याकडे अप्रूपाचं होतं. येईल त्याला मी त्याचाच पडदा स्क्रीनवर दाखवत असे. कौतुक रुग्णापेक्षा मलाच जास्त.

गडबचा अकरावीतला एक मुलगा आईबरोबर आला. "डाव्या डोल्यानं दिसत नाय याला." घरची भातशेती, लावणीला चिखलात अनवाणी उतरणारा पोरगा, दारात कुत्री. यातलं काहीच मी तेव्हा विचारलं नाही, हे सगळं नंतर कळलं. नेत्रमज्जेचं टोक सुजलेलं होतं, पडद्यावर राखट-पांढऱ्या ठिपक्यांचा एक घोळका होता. फोटो काढले, ऑप्टिक न्यूरायटिस (नेत्रमज्जेचा दाह) असं लिहिलं आणि स्टिरॉइड सुरू केलं.

जंताची शंका आली होती. पण शिकत असताना मी डोळ्यातला सिस्टिसर्कस, म्हणजे डुकराच्या पट्टकृमीची अळी, पाहिला होता: पारदर्शक पुटी आणि आत हलणारं पांढरं डोकं. डोळ्यातला जंत असाच दिसणार, हे मनात पक्कं बसलेलं. तरी विचारलं, "डुकराचं मटण खाता का?" आई चांगलीच तडकली. तिचं बरोबरच होतं, कारण प्रश्नच चुकीचा होता. तसलं कच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. डोळ्यात किंवा मेंदूत पुटी होते ती त्या कृमीची अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्यामुळे. शाकाहारी माणसालाही ती होते. शिवाय मुलानं शाळेत जंताची गोळी घेतली होती आणि शौचाच्या तपासणीत अंडी सापडली नाहीत. झालं, जंताचा विषय मी मिटवून टाकला.

स्टिरॉइडनं सूज उतरली आणि मी खूश झालो. पुढच्या खेपेला जुने ठिपके विरलेले होते आणि थोड्या अंतरावर दुसरे उठले होते. मी पुन्हा फोटो काढले आणि ‘नवे ठिपके’ अशी नोंद केली. आधीचे फोटो त्याच कॉम्प्युटरमध्ये होते. ते उघडले नाहीत.

मग परीक्षेमुळे तो बरेच महिने आला नाही. आला तेव्हा नेत्रमज्जा फिकट पडली होती, रक्तवाहिन्या बारीक झाल्या होत्या. हा आनुवंशिक आजार दिसतो, असं मी सांगून टाकलं. एकाच डोळ्यात आनुवंशिक आजार कसा, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. आईनं विचारलं ते वेगळंच: "कोणाकरून आला?" माझ्या त्या वाक्यानंतर माहेर-सासर यावरून त्या घरात काय झालं असेल, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

शेवटी मी त्याला मुंबईला पाठवलं. तिथल्या तरुण पडदातज्ज्ञ बाईंनी आधी जुने फोटो मागितले, हिरव्या प्रकाशातले खास. पहिल्या फोटोत ठिपक्यांच्या कडेला एक पांढरट, वळलेला धागा होता. दुसऱ्या फोटोत तोच धागा नव्या ठिपक्यांजवळ. जंत सरकत होता, ठिपके त्याच्या मागोमाग उठत होते. मायामीच्या डॉ. डोनाल्ड गॅस यांनी या आजाराचं वर्णन 1978 मध्येच करून ठेवलं होतं. जंताची ही अळी जेमतेम अर्ध्या ते 2 मिलिमीटरची असते. कुत्र्याच्या आतड्यातला अंकुशकृमी हा तिच्या संशयित कुळांपैकी एक. तसं असेल तर माणसात ती सहसा पूर्ण वाढत नाही, मग शौचात अंडी कुठून येणार? शाळेतली 400 मिलिग्रॅमची गोळी एकदाच द्यायची असते, या आजारात तीच रोज, महिनाभर देतात. आणि जंत दिसत असेल तर लेझरनं तो जागच्या जागी मारता येतो. मी पहिला फोटो काढला तेव्हा तो दिसत होता. मुंबईला शोधला तेव्हा सापडला नाही. गोळ्यांचा महिना पूर्ण झाला, पण गेलेली नजर आली नाही. त्या डोळ्याला समोर धरलेली बोटं मोजता येतात, इतकंच.

आनुवंशिक काही नाही, हे सांगायला मी गडबला गेलो. आईनं ऐकून घेतलं आणि चहा दिला. फी परत घेतली नाही.

वाचकांना एवढंच सांगतो: अधूनमधून एकेक डोळा झाकून पाहा. पडद्याचे फोटो काढले असतील तर प्रती मागून घ्या, आणि पुढच्या तपासणीला जुने फोटो डॉक्टरांना तुमच्यासमोर उघडायला लावा. डॉक्टर जुना आणि अनुभवी असेल, तर जरूर लावा.