शिबिराच्या आधीची पानं

५ एप्रिल २०२५, शनिवार

उन्हाळी शिबिर मे महिन्यात. आजच्या बैठकीत स्वयंसेवकांच्या चारित्र्य पडताळणीचा विषय काढला. आप्पा लगेच म्हणाले, "अहो ताई, ही पोरं आपल्या डोळ्यांसमोर वाढली. त्यांच्याकडे पोलिसांचा दाखला मागायचा?" आप्पांची तळमळ मला ठाऊक आहे; बालवाचनालयाचं पहिलं कपाट त्यांनीच घरून आणून दिलं. तरी विषय सोडला नाही. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची वेळोवेळी पडताळणी करावी, असं पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत आहे. शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी यांची तर नावंच घेतली आहेत. नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो आणि आमचे दादा-ताई बिनपगारी, म्हणून आपण सूट घ्यायची का? शेजारी बसलेला माणूस पगार घेतो की नाही, याच्याशी मुलाला काय देणंघेणं! ठराव झाला. पहिला अर्ज आप्पांनी स्वतःचाच भरला.

६ एप्रिल, रविवार

कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांबद्दल पुन्हा वाचलं. रस्त्यावरच्या मुलांना छप्पर आणि जेवण देणारं ठिकाण, बघणाऱ्याला पुण्याचंच काम. २००१ मध्ये तिथल्या अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं. आधी आरोपींना शिक्षा, मग उच्च न्यायालयातून सुटका, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तोवर ती मुलं बाप्ये झाली असतील. ज्याच्या हातून जेवण मिळतं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं तर मुलाला आधी उद्याच्या जेवणाची चिंता. आमच्याकडे जेवण नसेल, पण पुस्तकं आहेत, सहल आहे, फीचे पैसे आहेत. उपकाराचं ओझं मुलांच्या जिभेवर बसतं, हे आपल्यासारख्या संस्थांनी कधीही विसरू नये.

९ एप्रिल, बुधवार

शिबिराचे नियम लिहून काढले. कोणताही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत नको. मुलांना खासगी मेसेज नकोत. देणगीदारांना पाठवायचे फोटो पालकांना विचारूनच, आणि फोटोखाली नाव-पत्ता नाही. कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "मूल रडत येऊन बिलगलं तर दूर करायचं का?" मुळीच नाही. जवळ घ्यायचं, चारचौघांत घ्यायचं. मायेला बंदी घालायला हे नियम केलेले नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

पुस्तकं बदलून झाल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. तारखेचा शिक्का रिकाम्या कागदावर पुन्हा पुन्हा मारत राहिली. मग मान वर न करताच आमच्या ताईला म्हणाली, "मला शिकवणीला नाही जायचं. सर जवळ बसवतात." पुढे जे बोलली ते तिच्याच शब्दांत, वेळेसकट, लिहून ताईने पाकीट कपाटात कुलूपबंद केलं. इथे लिहीत नाही. ताई फार नेटकी वागली. खोदून विचारलं नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन दिलं नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढंच म्हणाली.

आमच्यातलंच कुणी म्हणालं, आधी त्या सरांना भेटून खात्री करून घेऊ. तिथेच थांबवलं. पोक्सोच्या कलम १९ ला खात्री लागत नाही; असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायदा संरक्षण देतो. शिवाय आपण चौकशीला गेलो की तो माणूस सावध होणार, आणि दडपण पोरीवर येणार. शोध घेणं पोलिसांचं काम.

मुलीची आई आधी गप्प बसली. मग म्हणाली, "वस्तीत नाव खराब होईल हो." तिला सांगितलं की मुलीची ओळख कळेल असं काहीही छापायला कायद्याने मनाई आहे, नाव, शाळा, मोहल्लासुद्धा. वस्तीची तोंडं कायदा बंद करू शकत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. संध्याकाळी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले.

१३ एप्रिल, रविवार

महिला उपनिरीक्षक साध्या पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, गणवेश घालायचा नाही, असा कायदाच आहे. तो पाळलेला बघून बरं वाटलं. "तुम्ही खऱ्या पोलीस आहात?" मुलीने विचारलं. बाईंनी ओळखपत्र तिच्या हातात दिलं. तिने फोटो आणि चेहरा नीट ताडून पाहिला आणि मगच बोलायला बसली. बाल कल्याण समितीला चोवीस तासांत कळवायचं असतं, ते कळवल्याचंही बाईंनी सांगितलं.

२२ एप्रिल, मंगळवार

पालकसभा. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या फोन नंबरबद्दल सांगितलं. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आता सरकार चालवतं, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. नंबर भिंतीवर पोरांकडूनच रंगवून घेतला, त्यांच्या डोळ्यांना सरळ दिसेल इतका खाली.

२७ एप्रिल, रविवार

दाखले येऊ लागलेत. नाटकवाल्या दादाने मात्र अर्ज भरायला नकार दिला; अपमान वाटतो म्हणाला. त्याच्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, मुलांचा तो लाडका आहे. तरी शिबिरात त्याला घेणार नाही, आणि हे फोनवर न सांगता घरी जाऊन सांगितलं. अर्जाचा कागद ठेवून आले. नाटकाच्या तासाला सध्या कुणी नाही. आप्पा म्हणतात, त्या वेळेत ते गोष्टी सांगतील.