वर्गणीच्या वहीतला न आखलेला रकाना

७ डिसेंबर जवळ आला की सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी गोळा करायचं काम शाळेत सुरू होतं. दरवर्षी वर्गातलं एखादं मूल हळूच विचारतं, "सर, कोणी किती दिले ते वाचून दाखवणार का?" मी "नाही" म्हणतो. का नाही, ते आज सांगतो.

मी सिंदी (रेल्वे)चा. आमच्याकडचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. लाकडी नंदी घेऊन आम्ही घरोघरी जायचो आणि बोजारा मागायचो. कोणी चार आणे द्यायचं, कोणी रुपया. कोणी काय दिलं याची यादी कुठं लागत नव्हती. मागणं आणि देणं मी आधी तिथं शिकलो.

१९९३ साली मी नागपूर विद्यापीठात एम.ए.ला होतो. हे विद्यापीठ १९२३ सालचं, आज ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावानं ओळखलं जातं. रेल्वेचा पास काढून रोज सिंदी ते नागपूर जाणं-येणं चालायचं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, हजारो माणसं दगावली. आम्ही मुलांनी लगेच निधी गोळा करायला घेतला.

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे आली. अनुक्रमांक, नाव, रक्कम, सही असे चार रकाने आखले. सगळा वर्ग पालथा घातला. हिशेब चोख असावा म्हणून शेवटी यादी फलकावर लावली. ज्यांनी काही दिलं नाही, त्यांच्या नावापुढं रेघ मारली. मला वाटलं, याला म्हणतात पारदर्शकपणा!

त्या संध्याकाळी परतीच्या पॅसेंजरमध्ये आमच्याच वर्गातला एक मुलगा शेजारी येऊन बसला. तोही खेड्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. बुटीबोरी गेलं तरी तो बोलला नाही. मग म्हणाला, "माह्याजवळ पैसे नव्हते, म्हणून मी कपड्याच्या गाठोड्यात चादर देल्ली. तुह्या यादीत चादरीचा रकाना कुठं हाय?"

मला उत्तर सुचलं नाही. थंडी तोंडावर आलेली, आणि त्याच्याकडे दुसरी चादर होती की नाही, हे विचारायचीही हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी यादी काढली. पण ती ज्यांनी वाचायची, त्यांनी वाचली होती. तो नंतरही माझ्याशी बोलायचा, पण पूर्वीसारखा नाही. ते मला आजही बोचतं.

याच विद्यापीठाला डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं मोठी संपत्ती दिली आणि त्यातून १९४२ साली त्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. ते देणं थोरच. पण कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था 'मुष्टिफंडा'वरही वाढली. घरच्या बाईनं दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. ज्या घरात पैसा नव्हता, त्या घरालाही देता यावं, अशी ती सोय होती. माझ्या वहीत नेमकी तीच सोय नव्हती.

म्हणून आता माझ्या वर्गात बंद डबा असतो. प्रत्येक मूल डब्याजवळ जातं. आत काही टाकलं की नाही, कोणी बघत नाही. डबा मुलांसमोर उघडतो, दोन मुलं पैसे मोजतात, एकूण रक्कम फळ्यावर लिहितो आणि भरल्याची पावती वर्गात लावतो. हिशेब जाहीर, नावं नाहीत. पैसे नसतील तर डबा रंगवणं, मोजणं, पावती चिकटवणं हेही देणंच आहे, असं आधीच सांगतो.

पालकांना एकच विनंती : "बाकीच्यांनी किती दिले?" असं घरी विचारू नका. "तुला द्यावंसं वाटलं का?" एवढं विचारा.