ओळीच्या पक्क्या बाई

नोव्हेंबर २०२१ मध्ये गिटच्या २.३४ आवृत्तीबरोबर या बाई गिटच्या घरात आल्या. अलाउड साइनर्स, म्हणजे एक यादीची फाइल. माहेर ओपनएसएसएचचं. काम एकच: कमिटवरची सही पाहून ती कोणाची ते सांगणं.

बाई स्वतःहून पुढे येत नाहीत. कॉन्फिगमध्ये त्यांचा पत्ता द्यावा लागतो. नाही दिला, तर एसएसएचची सही कितीही अस्सल असो, गिट ती पडताळत नाही. ठरलेलं फाइलनाव नाही, एक्स्टेन्शन नाही. ओपनएसएसएचच्या मॅन्युअलमध्ये फक्त या मथळ्याचा विभाग आहे. मथळा मात्र कोणी विचार करून दिलाय. ‘भरवशाची माणसं’ अशी बढाई त्यात नाही. सहीची परवानगी असलेले, बस्स.

त्यांच्याआधी हे खातं जीपीजीकडे होतं. कोणी कोणावर किती विश्वास ठेवला त्याच्या पातळ्या, किल्ल्यांची रिंग, मुदतवाढ... चांगली चांगली माणसं सही करायचं सोडून द्यायची. बाईंकडे एका माणसाला एक ओळ पुरते: ईमेल, हवी तर अट, किल्लीचा प्रकार आणि किल्ली. ईडी२५५१९ प्रकारची असेल तर अवघी ६८ अक्षरं. ‘नेमस्पेसेस’मध्ये फक्त गिट लिहिलं, तर त्याच किल्लीनं दुसऱ्या कामासाठी केलेली सही त्या परत पाठवतात.

स्वभाव काटेकोर, पण चौकशा नाहीत. कमिटवर लेखक म्हणून साहेबांचं नाव आणि सही शिकाऊ पोराच्या किल्लीची असली, तरी बाई म्हणतात, सही चांगली आहे, या पोराची आहे. साहेबांचं नाव तिथे कसं, ते तुम्ही बघा. किल्ली यादीतच नसेल तर ‘नो प्रिन्सिपल मॅच्ड’. सही खोटी आहे असा आरोप त्या करत नाहीत. ही व्यक्ती माझ्या ओळखीची नाही, इतकंच.

त्यांचा खरा गुण दिसतो कोणी नोकरी सोडली की. घाईत लोक त्याची ओळच पुसतात, आणि त्याची वर्षानुवर्षांची कमिटं एका क्षणात अनोळखी होतात. ओळ राहू द्या, फक्त ‘व्हॅलिड-बिफोर’मध्ये शेवटच्या दिवसानंतरच्या दिवसाची तारीख घाला. गिट २.३५ पासून कमिटची तारीख बाईंसमोर ठेवतं. जुनं काम त्या मान्य करतात, नंतरचं नाकारतात. गेलेल्या माणसाच्या कामाचा इतका मान मी फार थोड्या यंत्रणांत पाहिलाय.

किल्ली चोरीला गेली असेल तर मात्र ही तारीख कामाची नाही, कारण कमिटवर हवी ती मागची तारीख चोरही टाकू शकतो. तेव्हा ओळ काढाच, आणि ती किल्ली रद्द किल्ल्यांच्या फाइलीत नोंदवा. त्या फाइलीचा पत्ता गिटला वेगळा द्यावा लागतो.