सहा बाटल्या

गतवर्षीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली. लेकीला पीसीओएस, पाळी अनियमित, हनुवटीवर लव, आणि त्यापायी जुळत आलेली सोयरीक मोडलेली. माउलीने पिशवीतून सहा बाटल्या मेजावर मांडल्या: ड जीवनसत्त्व, झिंक, क्रोमियम, इनोसिटॉल आणि आणखी दोन. ‘फादर, ह्यांतली कोणती लागू पडेल?’ सेमिनरीत ईशज्ञान शिकलेल्या माणसाला हा प्रश्न!

मी त्यांना परिचयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा हवाला देऊन बाई म्हणाल्या, इनोसिटॉलचा धोका थोडा, पण बीजोत्सर्ग, लव वा वजन यांवर लाभही थोडाच. मग त्यांनी बाटल्या बाजूस सारून मुलीलाच विचारले, ‘मेटफॉर्मिन किती वर्षे घेतेस? पायांना मुंग्या येतात का?’

मी ओशाळलो. उपवासकाळात गुडघे टेकताना मुंग्या येतात, असे ती मला म्हणाली होती. मी तिला बाकावर बसून प्रार्थना करण्याची मुभा देऊन मोकळा झालो होतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ घटू शकते. रक्ततपासणीत ते फारच कमी निघाले. सहांपैकी एकाही बाटलीत ते नव्हते.

आता तिला बी-१२ ची इंजेक्शने सुरू आहेत. मुंग्या ओसरल्या आहेत; सोयरिकीचा विषय मात्र माउली अजून दर रविवारी काढते.