नऊ कोपऱ्यांचं तळं

बाबा जहाजावरून घरी आले त्या संध्याकाळी धाकट्यानं त्यांच्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं. मग आईचा मोबाइल उचलून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. ''बाबा यात आहेत,'' त्यानं आलेल्या पाहुण्याला सांगितलं. घरातली सगळी हसली. बाबाही हसले. रात्री बॅग रिकामी करताना मात्र ते बराच वेळ गप्प होते.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं हे चौकोनी मराठी कुटुंब, आजीला धरलं तर पंचकोनी. बाबा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर. धाकट्याच्या साडेतीन वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिलं पाऊल, पहिला शब्द, बालवाडीतला पहिला दिवस, सगळं त्यांनी पाहिलं ते पडद्यावर, तेही जहाजाला नेट मिळालं तर. पडद्यावरच्या बाबांना धाकटा पापे द्यायचा, चित्रं दाखवायचा. समोर उभा असलेला, दाढी टोचणारा हा उंच माणूस मात्र त्याच्या ओळखीचा नव्हता. पंधरा दिवस झाले तरी भरवायला आई आणि झोपवायला आजीच लागायची. बाबांनी हात पुढे केला की स्वारी आईच्या ओढणीत तोंड लपवायची.

थोरलीचं तसं नव्हतं. ती आठ वर्षांची, नुकतीच चौथीत गेलेली. बाबा जातात आणि येतात, हे तिच्या हिशेबात बसलं होतं.

तोडगा सुचवला तो आजीनं. ''घरात मी आहे, ही आहे, म्हणून तो तुझ्याकडे येत नाही. तुम्ही चौघं कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन या. मला नेऊ नका.'' सुनेला क्षणभर खरं वाटेना. सहलीला मला नेऊ नका असं म्हणणाऱ्या सासूबाई रोज भेटत नाहीत!

कुठं जायचं, यावर दोन दिवस चर्चा झाली. थोरलीला बर्फ हवा होता. शेजारच्यांनी लडाखचं नाव काढलं, कारण ते नुकतेच जाऊन आले होते. आईनं ते साफ फेटाळलं आणि तिचं बरोबरच होतं. लहान मुलांना घेऊन थेट चार हजार मीटरच्या वरच्या पँगाँग तळ्यापर्यंत जाणारे हौशी आईबाप हल्ली बरेच दिसतात. विरळ हवेनं डोकं दुखतंय, मळमळतंय, हे साडेतीन वर्षांचं मूल सांगू शकत नाही. ते नुसतं किरकिरतं, जेवत नाही, आणि मोठ्यांना वाटतं, हट्ट करतंय. अडीच हजार मीटरच्या खाली हा त्रास सहसा होत नाही. नैनीतालचं तळं आहे सुमारे 1,940 मीटरवर. शिवाय बाबांची एकच अट होती : समुद्र नको.

आजीनं लीलो चिवडो आणि थेपले बांधून दिले. वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीनं दिल्ली गाठली. तिथं एक दिवस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची शताब्दी पकडली की दुपारपर्यंत काठगोदाम येतं. रेल्वे इथं 1884 साली पोचली आणि इथंच थांबली, पुढं डोंगर उभा आहे. उरलेले पस्तीसेक किलोमीटर मोटारीनं जायचं. एवढ्याशा अंतरात रस्ता जवळजवळ चौदाशे मीटर चढतो, म्हणजे वळणं किती असतील ते समजून घ्यावं. मुलांना घाटात गाडी लागते, तेव्हा निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये आणि खिडकी उघडी ठेवावी, हे आईला ठाऊक होतं. पण स्टेशनवर बाबांनी लाडानं दिलेला बिस्किटांचा अख्खा पुडा धाकट्यानं तेवढ्यात फस्त केला होता. तो पुडा ज्योलीकोटच्या आसपास बाबांच्या शर्टावर परत आला. बाबांनी त्याचं तोंड पुसलं, पाणी दिलं. त्यानं ते पुसू दिलं, कारण ढकलण्याइतकी ताकदच उरली नव्हती. आईनं मुद्दामच खिडकीबाहेर पाहिलं.

नैनीताल म्हणजे डोंगरांच्या वाटीत ठेवलेलं पाणी. तळ्याचा घेर सुमारे साडेतीन किलोमीटर. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल आणि दोन्हींना जोडणारा मॉल रोड. ''ताल म्हणजे तबल्याचा?'' थोरलीनं विचारलं. ताल म्हणजे तळं, हे कळल्यावर तिची जराशी निराशाच झाली. सतीचे डोळे इथं पडले अशी कथा आहे, म्हणून काठावर नैनादेवीचं देऊळ. मे महिन्यात तिथं गर्दी म्हणजे वडोदऱ्याच्या नवरात्राची आठवण व्हावी. हवा मात्र झकास. घरी 42 अंशांत होरपळून निघालेली मुलं संध्याकाळी स्वेटर घालून थंडी वाजतेय म्हणून कौतुकानं सांगत होती.

बाबांना सुटीतही माहिती सांगितल्यावाचून राहवत नाही. मल्लीतालच्या मोठ्या मैदानावर मुलं चेंडू खेळत होती. ''हे मैदान आधी एवढं नव्हतं,'' ते थोरलीला म्हणाले, ''18 सप्टेंबर 1880 ला वरचा डोंगर कोसळला. 151 माणसं गेली. देवीचं जुनं देऊळही गेलं. त्या दरडीच्या मातीवर हे मैदान झालंय.'' थोरली मैदानाच्या कडेलाच थबकली. ''अहो, सुटीत पोरांना असलं काय सांगता!'' आई वैतागली. पण रात्री थोरलीनं वहीत तारखेसकट सगळं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी होडीत बसायचं ठरलं. धाकट्याला लाइफ जॅकेट नको होतं. दुसऱ्या होडीतली कित्येक मुलं बिनजॅकेटची हिंडत होती, मोठी माणसं जॅकेट मांडीखाली घेऊन बसली होती. तळं सर्वांत खोल जागी 27 मीटर आहे आणि मे महिन्यातही पाणी हाताला झोंबतं. अशा पाण्यात अचानक पडलेल्या मुलाचा श्वास आधी अडकतो, पोहणं नंतरची गोष्ट. आईनं पट्टे आवळले आणि रडणं ऐकून घेतलं. नाववाला हसला, तरी तिनं लक्ष दिलं नाही.

होडी पुढं गेली. धाकटा आईला घट्ट चिकटून होता. तेवढ्यात पाण्यावर एके ठिकाणी बुडबुड्यांचा मोठा घोळका वर येताना त्याला दिसला. ''पाणी उकळतंय!'' तो ओरडला.

आता हा बाबांचा प्रांत होता. जहाजावरचा इंजिनिअर समुद्रावर असतो खरा, पण समुद्र त्याला दिसतो ड्यूटी संपल्यावर. त्याचे दिवस जातात पोटातल्या यंत्रांमध्ये, कॉम्प्रेसर आणि पंपांच्या आवाजात. नैनीतालच्या तळ्यात वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी मिसळत गेलं. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होऊन खाली जाई, तळाचं वर येई आणि मासे मरून तरंगत. म्हणून 2007 पासून काठावर कॉम्प्रेसर बसवून नळ्यांतून तळाशी हवा सोडतात. हे सगळं बाबांनी थोरलीला हातवारे करून सांगितलं. आईचं लक्ष धाकट्याकडे होतं. तो तिच्या कुशीतून हळूहळू पुढं सरकत होता.

''खाली कोण फुंकतंय?'' त्यानं विचारलं. आईला नव्हे, बाबांना.

''मशीन फुंकतंय. मोठं मशीन. माझ्या जहाजावर आहे ना, तसलंच.''

''तू फुंकतो?''

''मी मशीनला सांगतो, फुंक.''

धाकट्यानं विचार केला आणि पुन्हा आईकडे जाऊन बसला. पण जाताना त्याचा एक बूट बाबांच्या गुडघ्यावर टेकलेला राहिला. बाबांनी काठावर पोचेपर्यंत गुडघा हलवला नाही.

नैनीतालमधल्या गर्दीला कंटाळून चौथ्या दिवशी मंडळी नौकुचियातालला आली. नैनीतालपासून हे तळं सव्वीसेक किलोमीटरवर, उंचीला बरंच खाली आणि खोलीला मात्र जास्त, सुमारे 40 मीटर. मुलं घेऊन जाणाऱ्यांनी नैनीताल दोन दिवसांत आटोपावं आणि उरलेले दिवस इथं काढावेत. इथं बदकं आहेत, शेजारी कमळांचं छोटं तळं आहे, रस्त्यावर मुलाचा हात सोडता येतो. आडू आणि खुमानी टोपलीनं विकायला येतात. आंबट-गोड काफळंही मिळतात, पण त्यांच्या बिया मोठ्या, लहान मुलांना जपूनच द्याव्या लागतात.

पाचव्या दिवशी सकाळी आईचं अर्धशिशीनं डोकं धरलं. तिला उजेड सहन होईना. ''तुम्ही मुलांना घेऊन जा,'' ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. बाबांनी दोन्ही मुलांकडे असं पाहिलं, जणू इंजिनरूममध्ये एकदम दोन अलार्म वाजले आहेत.

दिवसाची सुरुवात वाईट झाली. थोरलीची वेणी तीनदा घातली, तीनदा सुटली. धाकट्यानं दाराशीच भोकाड पसरलं. ''बब्बू! बब्बू पाहिजे!'' बाबांनी बिस्किट दिलं, चेंडू दिला, बदकं दाखवायचं आमिष दाखवलं. प्रत्येक वस्तूनिशी रडणं वाढत गेलं. शेवटी थोरलीनं सांगितलं, ''बाबा, बब्बू म्हणजे त्याची गोधडी. आजीच्या लुगड्याची.'' गोधडी आली, रडणं थांबलं. मग 'टुणटुण' म्हणजे उडी, 'गाई करू' म्हणजे झोपायचं नाही तर नुसतं लोळायचं, असा त्या घरातला अर्धा शब्दकोश बाबांना त्या सकाळी शिकावा लागला. दुपारी दुभाषी कंटाळली. ''मी किती वेळ सांगू? तुम्हीच विचारा ना त्याला!'' असं म्हणून ती बदकांकडे निघून गेली.

मग बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारत राहिले. हे का? ते का? तो मान हलवून नाही म्हणायचा, आणि ते पुन्हा विचारायचे. त्याला हवा होता कमळाच्या तळ्याकाठचा एक विशिष्ट दगड, दुसरा कुठलाही नव्हे. तो शोधण्यात पाऊण तास गेला. बाईमाणसांचे असे पाऊण तास रोज जातात, त्याची नोंद कुणी ठेवत नाही, हे इथं सांगायला हरकत नाही.

संध्याकाळी तिघं होडीतून निघाले. नौकुचियाताल म्हणजे नऊ कोपऱ्यांचं तळं. एकाच जागेवरून सगळे नऊ कोपरे कुणाला दिसत नाहीत, अशी तिकडे समजूत आहे. थोरली ती खोटी ठरवायला वही-पेन्सिल घेऊनच आली होती. सात मोजून झाले. आठवा कोपरा म्हणायचा की नुसतं वळण, यावर तिचं आणि नाववाल्याचं वाजलं. धाकट्यानं गोधडीतून हात बाहेर काढला आणि मोजायला सुरुवात केली. ''एक, दोन, तीन, सात, नऊ! झाले!''

''असं नसतं,'' थोरली म्हणाली.

''तू मोज,'' धाकट्यानं बाबांना हुकूम सोडला.

बाबांनी प्रत्येक कोपऱ्याकडे बोट करत गंभीरपणे मोजलं, ''एक, दोन, तीन, सात, नऊ.''

''झाले!'' धाकटा म्हणाला. थोरलीनं वही मिटून घेतली. या दोघांपुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

रात्री आईचं डोकं उतरलं. अंधारात कधीतरी धाकटा जागा झाला आणि पाणी मागितलं. आई उठायच्या आत बाबांनी पेला धरला. तो प्याला आणि कोण आहे हे न बघताच झोपला. आई जागीच होती, पण तिनं तसं कळू दिलं नाही.

आता एका आठवड्यात मूल बापाला बिलगून झोपायला लागलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. सातव्या दिवशीही जेवताना आईच हवी होती. पडला, खरचटलं, की तो बाबांच्या शेजारून धावत आईकडेच जायचा. मुलाच्या मनात माणूस शिरतो तो असा एका सहलीत नव्हे, आणि बाबांनाही ते कळत होतं. फक्त दाढी ते आता रोज सकाळी न चुकता करू लागले होते.

28 मेला काठगोदामला गाडीला वेळ होता. थोरलीनं विचारलं, ''बाबा, जहाजावर कधी जायचं?''

''10 जुलैला.''

तिनं बोटांवर हिशेब केला. ''म्हणजे 43 दिवस.''

''पुढं ढकलता येतंय का, विचारतो कंपनीला,'' बाबा आईला म्हणाले.

''विचारा,'' आई म्हणाली. असं पूर्वीही विचारून झालं होतं.

तेवढ्यात पुरीभाजी आली. आईनं धाकट्याची पुरी मोडून त्याच्यापुढं ठेवली, पण त्याला फुगलेली हवी होती. सगळ्यांत टम्म फुगलेली पुरी बाबांच्या पानात होती. कुणाला काही न विचारता त्यानं हात लांब केला आणि ती बोटानं फोडली.